औशाच्या बांधावरची सौंदड

अन्याय झाला तो गंगाबाईंवर. औसा तालुक्यातल्या एका खेड्यात, येळवशीच्या आदल्या दिवशी, शनिवारी सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, त्यांच्या स्वतःच्या बांधावर, त्या हजर नसताना. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण त्या प्रसंगाचे फोटो काढले गेले आणि फोटोवर वेळ उमटते. फोटोत एक कुऱ्हाड आहे, एक आडवं पडलेलं झाड आहे आणि झाडाशेजारी मूठ वर करून उभी असलेली एक मुलगी आहे. आजवर मी ज्यांच्याविरुद्ध पत्रकं काढली त्यांच्यापैकी एकही ठेकेदार पुराव्याशेजारी असा हसत उभा राहिला नव्हता. ती मुलगी मी.

मी रत्नागिरीकडची. किनाऱ्यावरच्या खडकांना धरून वाढणारं समुद्री शैवाल वाचवा, देशी झाडं वाचवा, हे ओरडत मी चार वर्षं फिरते आहे. पत्रक लिहायला अर्धा तास लागतो: पहिल्या ओळीत अन्याय, तिसऱ्या ओळीत दोषी, शेवटी मागणी. मधे जागा उरली तर माहिती. आमच्या गावात ही पत्रकं मासे गुंडाळायला जाऊ लागली, तेव्हा मी ठरवलं की जिथे समुद्र नाही तिथे जायचं. नांदेड, औसा आणि लातूर इथे तीन जाहीर व्याख्यानं ठरली. विषय: ‘देशी वनस्पती आणि समुद्री शैवाल: ओळख आणि लढा’.

व्याख्यानं ठरवणारे अप्पा. औशात त्यांचं कृषी सेवा केंद्र आहे, कपाळावर भस्म, दुकानाच्या मागच्या भिंतीवर पक्ष्यांचे फोटो. रविवारी लातूरला व्याख्यान ठेवा, असं मी फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “ताई, त्या दिशी येळवस हाय. कुणी गावात नसतंय.” मला वाटलं, झालं, आणखी एक सबब. मी त्यांना लांबलचक मेसेज पाठवला. सणवारांची कारणं सांगत बसलो तर निसर्ग उरेल का, असं काहीतरी त्यात होतं. अप्पांचं उत्तर एका शब्दाचं आलं: “बरं.”

नांदेड

रत्नागिरी ते नांदेड हा प्रवास मी वगळते. ज्यांनी केलाय त्यांना सांगायची गरज नाही, ज्यांनी केला नाही त्यांना घाबरवायचं नाही.

लॉजवर पोचल्यावर पहिलं काम केलं ते वाळवलेलं शैवाल भिजत घालायचं. कोरडं शैवाल म्हणजे चुरगळलेला कागद. पाण्यात टाकलं की उमलतं, रंग धरतं, लोकांना दाखवण्यासारखं होतं. बादली एकच होती, तिच्यात टाकलं आणि आंघोळ न करता बाहेर पडले. परत आले तर मॅनेजर दारात उभे.

“म्याडम, रूममधी काय मेलंय का?”

मी त्यांना समुद्री शैवालाचं पर्यावरणातलं स्थान समजावून सांगितलं. दहा मिनिटं. माणूस सभ्य, सगळं ऐकून घेतलं, मान हलवली आणि म्हणाला, “ते समदं ठीक हाय. पण बादली आमची हाय.”

व्याख्यान एका शाळेच्या हॉलमध्ये. पन्नासेक माणसं, पुढच्या रांगेत निवृत्त शिक्षक, मागे शेतकरी. माझी सुरुवात ठरलेली असते. मी काचेची बरणी उंच धरते आणि विचारते, “तुमच्यापैकी कितीजणांनी समुद्री शैवाल पाहिलंय?” मग शांतता पसरते, आणि त्या शांततेवर मी पुढचा तास चालवते. नांदेडात निम्मे हात वर झाले.

मुदखेडकडचे एक फुलवाले शेतकरी उठले. म्हणाले, “आमी फवारून राहिलो ना ताई. गुलाबाला, झेंडूला. लई दिवसापासून.”

शैवालाचा अर्क बाटलीत भरून मराठवाड्यातल्या दुकानादुकानात विकला जातो, सोयाबीनपासून फुलांपर्यंत सगळ्यावर मारला जातो, हे त्या हॉलमध्ये फक्त एका व्यक्तीला माहीत नव्हतं आणि तिच्यासमोर माईक होता. मी गडबडले, आणि गडबडल्यावर जे करते तेच केलं. चिडले. समुद्राची लूट करून बाटल्या विकणाऱ्यांवर पंधरा मिनिटं बोलले. टाळ्याही मिळाल्या. नंतर ते फुलवाले बरणीपाशी आले, झाकण उघडून बोटाने शैवाल हलकेच उचललं आणि बराच वेळ बघत राहिले. “हे असं असतंय व्हय,” म्हणाले. “आमी काळं पानीच बघितलं आतापोस्तर.” सगळ्या व्याख्यानात शैवालाकडे नीट बघणारा तो एकच माणूस, आणि मी त्यांना गुलाब कसा वाढवतात हे विचारलंसुद्धा नाही. मला दुसऱ्या कुणाला तरी पत्रक द्यायचं होतं.

सकाळी नाश्त्याला सुशीला. आमच्याकडे कुरमुरे भेळीत जातात नाहीतर देवळात प्रसादाला. इथे ते भिजवून, पिळून, शेंगदाण्याचं कूट घालून फोडणीत परततात आणि ताटभर वाढतात. मी दोन ताटं खाल्ली. लढ्यासाठी शरीर लागतं.

औसा

अप्पांच्या दुकानामागे पत्र्याची शेड आहे. तिथे खताच्या पोत्यांवर माणसं बसली. मी उभी होते ती नेमकी शैवालाच्या बाटल्यांच्या फळीसमोर, त्यामुळे लुटीचा भाग गाळावा लागला. अप्पा गालात हसत होते. देशी वनस्पतींवर जरा जास्त बोलले, म्हणजे परदेशी झाडांवर. त्यातही वेडी बाभूळ. बाहेरून आणलेलं हे झाड पडीक जमिनी, नाले, गायरानं गिळत चाललंय, हे खरंच आहे. पत्रकाच्या मागच्या बाजूला तिचा फोटो, खाली ओळखीच्या चार खुणा, आणि त्याखाली जाड अक्षरात: दिसेल तिथे तोडा.

त्या चार खुणा मी पुस्तकातून उतरवल्या होत्या. आमच्या लाल मातीत, पावसाच्या देशात, वेडी बाभूळ मी कधी धड पाहिलेली नव्हती. तिची देशी बहीण, शमी, जिला इकडे सौंदड म्हणतात, तीही नाही. आंबा, फणस, किंजळ विचारा. पण व्याख्यात्याला हे कोण विचारतं?

व्याख्यान संपल्यावर बालाजी आला. माझ्याच वयाचा, पत्रकाची घडी खिशात, डोळ्यांत चमक. त्याच्या बांधावर असलंच एक झाड आहे म्हणाला, बघायला येता का. अप्पांनी मधेच त्याला अडवलं: आधी आईला, गंगाबाईला, विचार. यावर मी जे बोलले ते इथे लिहिणं ही माझी शिक्षा समजा. मी म्हणाले, निसर्ग कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही.

अप्पा परत म्हणाले, “बरं.”

बांधावर

सकाळी नऊच्या सुमारास पोचलो. हरभरा, करडई, मधे ज्वारीचा पट्टा. गंगाबाई येळवशीच्या बाजाराला औशाला गेल्या होत्या.

ज्यांना येळवस माहीत नाही (मला नव्हती) त्यांच्यासाठी: मार्गशीर्ष अमावास्येला लातूरकडचा माणूस न् माणूस शेतात जातो. झाडाखाली कडब्याची कोप घालतात, म्हणजे पेंढ्या टेकवून केलेलं खोपटं. आत चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडतात, ते पांडव. पूजा करून सगळे शेतातच जेवतात. गंगाबाईंची कोप दरवर्षी एकाच झाडाखाली पडायची. त्या झाडासमोर मी उभी होते.

दहा पावलांवरून बघितलं. बारीक पानं, राखाडी खोड, काटे. फोटोसारखंच. “वेडी,” मी म्हणाले.

बालाजी घुटमळला. “नक्की ना ताई? आई सौंदड म्हणती हिला.”

मी त्याला समजावलं की खेडोपाडी नावांचा घोळ असतो, शास्त्र वेगळं सांगतं. हे सांगताना मी झाडापासून अजूनही दहा पावलांवरच होते. पहिला घाव माझा होता, तो निसटून बांधाच्या दगडावर बसला. बाकीचे बालाजीचे. मांडीएवढं खोड, अर्धा तास लागला. मग तो फोटो.

गंगाबाई आल्या तेव्हा डोक्यावर पाटी होती. पाटीत वांगी, गाजरं, हिरव्या शेंगा, नवं मडकं. त्यांनी पाटी खाली ठेवली, मडकं हलणार नाही असं टेकवलं. मग विचारलं, “कुणी सांगितलं?”

बालाजीने माझ्याकडे बघितलं. मी, काय सांगू, पत्रक पुढे केलं. त्यांना वाचता येत असेल असं मला वाटलं नव्हतं, हेही कबूल करून टाकते. त्यांनी ते उभ्याउभ्या वाचलं, ओळीखाली बोट फिरवत, पुढची बाजू, मागची बाजू. इतक्या लक्षपूर्वक माझं पत्रक आजवर कुणी वाचलेलं नाही.

“हितं लिवलंय, वेडीचं काटं जोडीनं असत्यात, पानाच्या बगलंत,” त्या म्हणाल्या. पडलेली फांदी उचलून माझ्या हातात दिली. “हिचं बघ.”

काटे जोडीने नव्हते. पानाच्या बगलेत नव्हते. दोन पानांच्या मधे, डहाळीभर, जिथे जागा मिळेल तिथे सुटे सुटे होते. एक माझ्या अंगठ्यात गेला. माझी स्वतःची दुसरी खूण, माझ्या स्वतःच्या शब्दांत, आणि ती तपासायला मला झाडमालकिणीने शिकवावं लागलं.

तरी मी वाद घातला. पानांबद्दल काहीतरी बोलले, शेंगा नाहीत म्हणून खात्री देता येत नाही, असं काहीसं. गंगाबाईंनी ते ऐकूनही घेतलं नाही. माझा दंड धरून चार पावलं बाजूला नेलं, जिथे झाडाची सावली पडत असे.

“खाली बघ. वेडीखाली गवत बी धरत न्हाई. हिच्याखालची ज्वारी तुझ्या छातीला लागती. झाड असं वळखायचं असतंय.”

ज्वारी खरंच उंच होती. पट्ट्यातल्या बाकीच्या ज्वारीपेक्षा वीतभर वर, गर्द हिरवी, बुंध्याला अगदी बिलगून. मी झाडाला नऊ वाजल्यापासून बघत होते आणि खाली एकदाही बघितलं नव्हतं.

मग कळलं ते तुकड्यातुकड्यांनी, बरंचसं बालाजीकडून. तीन वर्षांपूर्वी जमिनीची मोजणी आली तेव्हा शेजारच्याने झाड मधे येतं म्हणून काढायला सांगितलं होतं. गंगाबाई तीन दिवस भाकरी बांधून आणून त्या बुंध्याशी बसल्या होत्या. मोजणीवाले कंटाळून दोरी बाजूने घेऊन गेले. त्या शिवारात सौंदड उरली होती ती एकच. शेजाऱ्याला, मोजणीला, ट्रॅक्टरला जे जमलं नव्हतं ते पर्यावरणवादाने अर्ध्या तासात करून दाखवलं.

गंगाबाई ओरडल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. ओरडणाऱ्यांशी कसं बोलायचं हे मला येतं. त्या पाटीतलं मडकं उचलून इकडेतिकडे बघत राहिल्या.

“उद्या येळवस,” त्या म्हणाल्या. “कोप कुठं घालू मी?”

लातूर

मी पळाले. दुसऱ्या दिवशी व्याख्यान आहे, तयारी करायची आहे, असं कुणी न विचारता सांगून लातूरची एसटी पकडली.

रविवारी सकाळी लातूर बघितलं आणि कळलं की अप्पांनी मला जे सांगितलं होतं ते कारण नव्हतं, माहिती होती. दुकानं बंद. रिक्षा नाही. चहाची टपरी नाही. रस्त्याच्या मधोमध उभं राहून बुटाची नाडी बांधली, एकही गाडी आली नाही. हॉलच्या वॉचमनने मला किल्ली दिली, स्वतः डोक्यावर मडकं घेऊन शेताकडे निघालाच होता. “व्याख्यान?” तो म्हणाला. “आज?” आणि बराच लांब जाईपर्यंत हसत होता.

मी खुर्च्या लावल्या. प्रोजेक्टर लावला. अकरा वाजता व्याख्यान सुरू केलं. हो, केलं. अहवालात ‘कार्यक्रम वेळेवर सुरू झाला’ असं लिहिता यावं म्हणून रिकाम्या हॉलला नमस्कार करून पाच मिनिटं बोलले. बरणी उंच धरली आणि विचारलं, कितीजणांनी शैवाल पाहिलंय. अखेर मला हवी तशी शांतता मिळाली. त्या शांततेत वेड्या बाभळीची स्लाइड आली. मी प्रोजेक्टर बंद केला आणि पहिल्या रांगेत जाऊन बसले, श्रोत्यांच्या जागी. पोटात सकाळपासून काही नव्हतं.

साडेबाराच्या सुमारास अप्पा स्कूटरवर आले, स्वतःच्या शेतातलं पंगतीचं ताट सोडून.

“चला. गंगाबाईनं बोलावलंय.”

रागावल्यात का, मी विचारलं.

“रागावली असती तर बोलावलं असतं का. काम हाय म्हणली.”

पुन्हा बांधावर

औशापर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना शेतात माणसंच माणसं. लातूर शहर कुठे गेलं होतं ते कळलं.

कोप उभी होती. बुंध्यावरच. कापलेलं खोड मधे घेऊन भोवती कडब्याच्या पेंढ्या टेकवलेल्या, वर नवं लुगडं पांघरलेलं, आत पाच पांढरे दगड बुंध्याला टेकून. बुंध्याच्या तोंडावर शेण-मातीचा जाड लेप. मी चपला काढून लांबच उभी राहिले, तर गंगाबाईंनी हातात विळा दिला. काम असं: उद्या कोप निघाली की शेळ्या येणार. त्याआधी बोरी-बाभळीच्या काट्यांचं कुंपण बुंध्याभोवती रचून ठेवायचं, कमरेइतकं उंच. बालाजी फांद्या तोडून आणत होता, मी रचत होते. प्रत्येक फांदी कुठली ते गंगाबाई विचारत होत्या आणि मी उत्तर द्यायच्या आधी काटे बघत होते.

काम करताना बालाजी हळूच म्हणाला की त्या झाडापाशी ट्रॅक्टर वळत नव्हता, म्हणून त्यालाही ती वेडीच असायला हवी होती. मला बरं वाटलं, मग बरं वाटल्याचं वाईट वाटलं.

माझ्याकडे देण्यासारखं एकच होतं. पिशवीतली शैवालाची बरणी काढून म्हणाले, हे बुंध्याला घालू या, याने फूट चांगली येते. नांदेडात लूट म्हणाले होते ते तीन दिवसांत औषध झालं. गंगाबाईंनी झाकण उघडून वास घेतला, बोट बुडवून जिभेला लावलं.

“खारं हाय की. झाडाला मीठ घालतीस का? ठिव तुझ्यापाशी.”

अप्पांनी तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं. बाटलीतलं वेगळं असतं, हे त्यांनी मला नंतर, गंगाबाई नसताना सांगितलं.

जेवण कोपीसमोर. आंबील, म्हणजे ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेलं, लसणाच्या वासाचं, मडक्यातून थेट. भज्जी, ज्यात सगळ्या शेंगा, दाणे, पालेभाज्या, बेसन एकत्र शिजतात, आणि बाजरीचे उंडे, म्हणजे पिठाचे वाफवलेले गोळे. आमच्याकडे पाहुणीने दुसऱ्यांदा नको म्हणायचं असतं. इथे नको म्हटलं की ऐकू जात नाही. तिसऱ्यांदा वाढून घेतलं. लाज वाटत होतीच, पण लाजेने पोट भरत नाही. मग मडक्यातली आंबील पिकावर शिंपडत सगळे शेताला फेरी मारू लागले, ओरडत, कानडी वाटणाऱ्या शब्दांत. अर्थ विचारला तर बालाजी म्हणाला, “अर्थ कशाला? वरडा.” मी ओरडले. आयुष्यात पहिल्यांदा अशी घोषणा दिली जी कुणाच्या विरुद्ध नव्हती.

निघताना मी गंगाबाईंची माफी मागितली. पत्रकासारखी नाही, तुटक तुटक. त्या भांडी आवरत होत्या.

“फुटंल,” त्या म्हणाल्या. “सौंदड फुटती. पण शेळ्या काय पत्रक वाचत न्हाईत, ऱ्हायली तर ऱ्हायली. एकीच्या भरवशावर बसायचं न्हाई आता. मला सौंदडीचं बी आणून दे. बांधाला धा झाडं लावीन.”

रोपवाटिकेतून रोपंच आणते, मी म्हणाले.

“आन् ती कशाची हायत ते कोण बघणार? तू?”

इतकंच. काही भरपाई मागितली नाही, अबोला धरला नाही. शिदोरी म्हणून उंडे बांधून दिले. ते मी परतीच्या गाडीत बसून खाल्ले आणि रडले, हेही नोंदवून ठेवते, कारण मी नेहमी म्हणते की सगळी माहिती जाहीर करा.

परत येऊन महिना झाला. बालाजी दर रविवारी बुंध्याचा फोटो पाठवतो. अजून लेप, काटे आणि एक निराश शेळी, एवढंच दिसतं. फूट येईल किंवा येणार नाही. म्हणून मागणी करते, आणि ती सरकारकडे नाही, तुमच्याकडे आहे.

तुमच्या शिवारात कुठेतरी सौंदड उभी असेल. ती शोधा. ज्यांची आहे त्यांना विचारा. चैत्र-वैशाखात शेंगा पिवळ्या पडल्या की मूठभर उतरवा, किडलेल्या बाजूला काढा आणि पावसाआधी औशाला अप्पांच्या दुकानात नेऊन द्या, गंगाबाईंसाठी म्हणून सांगा. मला फोटो पाठवून ‘हीच का?’ असं विचारू नका. झाडाच्या सावलीत जा, खाली वाका, पीक धरलंय का बघा, आणि मगच हात वर करा.